साक्षीदार क्रमांक चार

आये,

तुझी चिंचेची बरणी काल उन्हात ठेवली. कशाला ठेवली, कोण खाणार, ते विचारू नकोस. बाराव्याची माणसं परवा पांगली. आपटा गावचा मामा सगळ्यांत शेवटी गेला. त्याची सून रिक्षात बसता बसता म्हणाली, "ताई, चला ना आमच्याकडं चार दिवस. एकट्या काय करनार हितं?" मी म्हटलं, बघते. रिक्षा वळली, मी दार लावलं, आणि लक्षात आलं की या घरात दार लावलं की काहीच ऐकू येत नाही. जुन्या घरी दार लावलं तरी शेजारच्या सुमनकाकूचं कुणाशी तरी चाललेलं भांडण आत यायचं. तू चुलीपुढे बसून त्यात भर घालायचीस.

विमानतळासाठी गाव उठलं आणि बदल्यात हा प्लॉट मिळाला. घर बांधलं, तू त्यात राहिलीस, पण ते तुझं झालं नाही. दुपारी पलीकडे डोंगर फोडायचे सुरुंग उडाले की खिडक्या थरथरायच्या आणि तू फोनवर म्हणायचीस, "निमे, आता विमानं आपल्या दारातच पडतील. तुला दिल्लीशी यायला नको." मी हसायचे. आज सुरुंग उडाला तेव्हा मी स्वयंपाकघरात उभी होते. हे वाक्य म्हणणारं कुणी नव्हतं, म्हणून मीच म्हटलं. भिंतींना सांगितल्यासारखं झालं.

फडताळात तुझी तांब्यापितळेची भांडी ओळीने मांडलेली आहेत. शेवटी शेवटी तुला उठवत नव्हतं, त्यामुळे ती काळी पडलीत. सुमनकाकू म्हणाली, "दे गो, घासून देते." मी नको म्हटलं. राख आहे, नारळाची शेंडी आहे, चिंच तर बरणीभर आहे. पण माझा हात जात नाही. का जात नाही ते तुला ठाऊक होतं, मला ठाऊक आहे, आणि गावातल्या पंधरा बायकांना ठाऊक आहे. बाकी कुणाला नाही. ते लिहून टाकायला आज बसले आहे.

मी दिल्लीला काय काम करते, हे तू गावात कसं सांगायचीस ते मला अजून शब्दन् शब्द पाठ आहे. उघाडीवर, बांधाच्या पाणी सोडायच्या दाराशी, बसलेल्या बायकांनी तुला विचारलं होतं, "पोर काय करते गो तुजी?"

"विमान पडलं का जाते."

"जाऊन काय करते?"

"तुकडे गोला करते."

"म्हंजे भंगारवाली?"

तू रागाने घरी आलीस आणि मला फोन लावलास. मी तुला समजावून सांगितलं, की ही सरकारी कचेरी आहे, नवीनच निघाली आहे. देशात कुठेही विमान किंवा हेलिकॉप्टर पडलं की ते का पडलं, एवढंच शोधायचं. आम्ही पोलीस नव्हे, कोर्ट नव्हे. कुणाला शिक्षा करायची नाही. काय घडलं ते शोधून लिहून ठेवायचं, म्हणजे तसं पुन्हा घडू नये. तू सगळं ऐकून घेतलंस. मग म्हणालीस, "म्हंजे शिकलेली भंगारवाली." आणि स्वतःच इतकी हसलीस की तुला खोकला लागला.

आपल्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं, हे मी आजही ज्याला त्याला सांगते, न विचारता सांगते. मला त्याचा अभिमान आहे आणि तो लपवायचं मला काही कारण दिसत नाही. बाबा गेले तेव्हा मी चौथीत होते. तू मिठागरात मीठ ओढलंस, ओहोटीला खाडीच्या चिखलातले शिंपले-खुबे वेचलेस, ते पनवेलच्या बाजारात विकलेस आणि मला इंजिनिअर केलंस. डिग्रीचा कागद मी तुझ्या हातात दिला तेव्हा तू दुधाच्या पिशव्या कापून, धुऊन, त्यांत तो गुंडाळलास. म्हणालीस, "खारा वारा लोखंड खातो. कागदाला काय सोडल?" नोकरीच्या मुलाखतीत मला धातू गंजतो कसा ते विचारलं. मी पुस्तकातलं उत्तर दिलं आणि पुढे मिठागरातल्या फावड्याचं सांगितलं. ते कसं वरून शाबूत दिसतं आणि एक दिवस मुठीजवळून तुटतं. पॅनलवरचे तिघंही पुढे सरकून ऐकायला लागले. हे मी तुला कधी सांगितलं होतं का? बहुतेक नाही. तुझ्याकडून घेतलेल्या गोष्टी मी तिकडे माझ्या म्हणून वापरल्या.

आणि मग, गाव अजून जागेवर असताना, एक हेलिकॉप्टर आपल्याच खाडीत पडलं.

एका खाजगी कंपनीचं होतं. कंपनीचं नाव इथे लिहीत नाही. आत दोघं होते, वैमानिक आणि एक इंजिनिअर. दोघंही गेले. आपल्या गावच्या पोरांनी होडी घालून त्यांना बाहेर काढलं. कचेरीने दुसऱ्या दिवशी आमचं पथक पाठवलं. मिश्रासाहेब मुख्य तपासनीस, मी त्यांच्या हाताखाली. एवढं मोठं काम मला पहिल्यांदाच मिळालं होतं. मुंबईहून गाडीतून येताना साहेबांनी विचारलं, "आप तो इधर की ही हैं ना?" मी म्हटलं, "जी सर, पनवेल." गावाचं नाव मी घेतलं नाही.

नियम असा आहे, की तपासनीसाचं कुणी नात्याचं माणूस त्या अपघाताशी संबंधित असेल, तर ते आधी सांगायचं आणि बाजूला व्हायचं. गाडीत बसले तोवर मला काही सांगण्यासारखं नव्हतं. आपलं गाव मोठं, खाडी लांबलचक. आणि तू सकाळी फोनवर फक्त इतकंच म्हणाली होतीस, "ये, मग सांगते."

बांधावर पोहोचलो तर पोलीस होते, होडीवाले होते आणि बायकांचा घोळका होता. त्या घोळक्याच्या पुढे तू. अंगावर लग्नाकार्याचं हिरवं लुगडं. हातात पितळेचं ताट, त्यावर नवा कोरा टॉवेल. हवालदार म्हणाला, "साहेब, ह्या बाईला चिखलात एक पार्ट मिळालाय. काल संध्याकाळच्या ओहोटीला."

तू टॉवेल उलगडलास. आत वीतभर लांबीची पोलादी दांडी होती, एका टोकाला तुटलेली. ती चकाकत होती. देवघरातल्या समईसारखी चकाकत होती. तिच्यावर तू हळदकुंकवाचं बोट लावलं होतंस.

"चिंच लावून घासलीय, सायेब," तू म्हणालीस. "राखेनं आदी, मग चिंचेनं. सगला मल गेला. एवढा पन चिखल नाय ठेवला."

मिश्रासाहेबांनी डोळे मिटून घेतले. मला तो क्षण अजून दिसतो. हेलिकॉप्टरच्या शेपटीवरच्या पंख्याची पाती हलवणारी ती दांडी होती. ती तुटली की हेलिकॉप्टर गरगर फिरतं, मग कुणाच्या बापाला आवरत नाही. पण ती आधी तुटली म्हणून हेलिकॉप्टर पडलं, की हेलिकॉप्टर पडलं म्हणून ती तुटली, हे सांगतं ते तिचं तुटलेलं तोंड. तिथल्या खुणा केसाहून बारीक असतात. त्याला बोटही लावायचं नसतं. आणि तू ते तोंड नारळाच्या शेंडीने, चिंच लावून, मन लावून घासलं होतंस.

तू माझ्याकडे बघितलंस. तोंडभर हसलीस. "अगो—" इतकं म्हणालीस आणि थांबलीस. कारण मी तुझ्याकडे बघत नव्हते. मी दांडीकडे बघत होते. आणि मग मी जे बोलले ते असं होतं:

"कुणी सांगितलं होतं घासायला? काही कळतं की नाही?"

तू एकदा मिश्रासाहेबांकडे पाहिलंस, एकदा माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे. तुला काय कळायचं ते तेवढ्यात कळलं. ताट खाली ठेवलंस, हात जोडलेस.

"चुकलं, म्याडम."

मागे वळून तू बायकांकडे नुसती नजर टाकलीस. पंधरा जणी होत्या. त्यांतल्या दहा जणींनी मला कडेवर घेतलेलं. एकीनंही तोंड उघडलं नाही. फक्त सुमनकाकूला राहवलं नाही. ती मोठ्याने म्हणाली, "म्याडमला पानी द्या गो कोनी. लय लांबशी आल्यात." आणि मला पाण्याचा तांब्या आणून दिला तो आपल्या घरचा. त्याच्यावर बाबांचं नाव कोरलेलं होतं. मी ते पाणी प्याले, आये.

हवालदाराने तुझं नाव-गाव लिहून घेतलं. घरात कोण कोण, विचारलं. तू म्हणालीस, "एक पोर हाय. लांब असते."

त्या वेळी मी बोलायला हवं होतं. साहेब, ही माझी आई. पाच शब्दसुद्धा लागत नाहीत. मी बोलले असते तर त्याच गाडीने मला परत पाठवलं असतं, दुसरं कुणी आलं असतं, एवढंच. हवालदार मराठीत लिहून घेत राहिला, आणि मी वही उघडून तुझा जबाब मिश्रासाहेबांसाठी हिंदीत करून सांगायला लागले.

तो जबाब मी आजवर घेतलेल्या सगळ्या जबाबांत चांगला आहे. हे मी मुलगी म्हणून म्हणत नाही, तपासनीस म्हणून म्हणते. तुझ्याआधी तिघं बोलून गेले होते. एकाने हवेतच आग पाहिली होती, जी लागलीच नव्हती. दुसऱ्याने सांगितलं की वैमानिक खाली येऊन शायनिंग मारत होता. वर्तमानपत्राने तेच छापलं होतं. तिसऱ्याने आवाज ऐकून मागे वळून पाहिलं होतं, पण पाहिलं म्हणून सांगत होता. तुला साहेबांनी विचारलं, किती वाजले होते?

"घड्याल नाय मना. पानी उघाडीच्या तिसऱ्या खुंटीला लागलं व्हतं. उतरतं."

साहेबांनी माणूस पाठवून खुंटी मोजून घेतली. भरती-ओहोटीचा तक्ता काढला. तुझी वेळ आणि हेलिकॉप्टर रडारवरून गेलं ती वेळ, यांत पाच मिनिटांचाही फरक निघाला नाही.

"आदी टक्क झालं," तू म्हणालीस. "ताटात सुपारी पडते तसं. मंग शेपटीशी कायतरी उडालं, ऊन पडून चमकलं. मंग ते फिराय लागलं, भवऱ्यासारखं. पोरानं लय धरून ठेवलं, सायेब. आमच्या घरांवर येत व्हतं ते. त्यानं नाय येऊ दिलं. खाडीत टाकलं." मग तू म्हणालीस, "शायनिंग नाय मारत व्हता. ज्यानं बगितलं नाय तो कायपन बोलंल."

मी एक शब्द गाळला नाही, एक वाढवला नाही. माझा आवाज कापू नये म्हणून प्रत्येक वाक्यानंतर थांबत होते. मिश्रासाहेबांना वाटलं, मी नीट काम करते आहे.

परतताना गाडीत ते मला शांतपणे म्हणाले, साक्षीदाराला रागवायचं नाही. आपण कुणाला रागवायला येत नाही. आज तिला रागवलं तर उद्या कुणी आपल्याला काही आणून देणार नाही. मी म्हटलं, "सॉरी सर." ते म्हणाले, "मुझे नहीं, उनको."

आम्ही पनवेलच्या हॉटेलात चार दिवस होतो. तिथून घरी रिक्षाने दहा मिनिटं. मी आले नाही.

आले ती दोन महिन्यांनी, आणि आपलं भांडण झालं. ते भांडण अजून संपलेलं नाही, म्हणून मी ते इथे पुन्हा लिहिते आहे. मी म्हटलं, "तू मला म्याडम का म्हणालीस?"

"तू मना आये म्हनलीस का?"

मी तुला नियम सांगितला. नात्यातलं माणूस, साक्षीदार, बाजूला व्हावं लागतं. तू भाकरी थापत ऐकत होतीस. म्हणालीस, "नियम हाय तर बरोबर हाय. मंग सांगून बाजूला व्हायचं ना."

"माझं पहिलंच मोठं काम होतं, आये."

"मंग तसं बोल. नियमाला कशाला मदी आनतेस?"

मी दुसरंच उकरून काढलं. म्हटलं, "आणि तू कशाला घासत बसलीस ती दांडी? तुला काय भांडं वाटलं ते?"

तू तव्यावरची भाकरी उलटलीस आणि सावकाश बोललीस. "दोन पोरं मेली, निमे. त्यांची वस्तू त्यांच्या घरी जानार असं मना वाटलं. कोनाची तरी आय ती हातात घेनार. चिखलाची कशी देऊ?" मग म्हणालीस, "आनि तू येनार व्हतीस. तुजे सायेब येनार व्हते. त्यांच्या हातात घान ठेवू?"

मी तेव्हा तुला सगळं समजावलं. कशाला समजावलं, असं आता वाटतं. पोलाद एकदम तुटत नाही, ते थकतं. रोज थोडी थोडी चीर पुढे सरकते, थांबते, पुन्हा सरकते. प्रत्येक वेळी तुटलेल्या तोंडावर एक रेघ राहते. ओहोटीला पाणी मागे जातं तेव्हा चिखलावर वळ्या उमटतात ना, एकीमागे एक, अगदी तशा. त्या मोजून आम्ही सांगतो, की ही दांडी महिनाभर मरत होती आणि कुणी बघितलं नाही. उलथण्याच्या टोकाने मी परातीतल्या पिठावर रेघा काढून दाखवल्या.

तू त्या रेघांकडे बघत राहिलीस. खाडीवरच्या वळ्या तुझ्याइतक्या कुणाला वाचता येत होत्या? पाणी कधी गेलं, किती जोरात गेलं, खुबे कुठे असतील, तू चालता चालता सांगायचीस.

"म्हंजे लोखंडाला पन ओहोटी लागते," तू म्हणालीस. आणि मग, "मी ती पुसली."

नंतर एकच विचारलंस, "मंग त्या पोराच्या नावावर जाईल का गो? त्यानं पाडलं असं लिवतील का?"

"बघू," मी म्हटलं.

अहवाल यायला वर्षावर गेलं. आमच्या प्रत्येक अहवालाच्या पहिल्या पानावर एक वाक्य छापलेलं असतं, की दोष किंवा जबाबदारी ठरवणं हा या तपासाचा हेतू नाही. मी घरी आले तेव्हा तो माझ्या बॅगेत होता. तू पहिल्या पानावर बोट ठेवलंस आणि विचारलंस, हे काय लिवलंय. मी वाचून दाखवलं.

"चूक कोनाची ते लिवायचंच नाय?"

"नाही. काय झालं ते लिहायचं. म्हणजे पुढच्या वेळी कुणी तसं करणार नाही."

तू विचार केलास. तू विचार करताना कानातली कुडी फिरवायचीस. "मंग माजं पन लिव," म्हणालीस. "अनसाबाईनं चिंच लावून घासलं, म्हनून समजलं नाय. लिव ना. मना काय लाज नाय. पुन्ना कोनी घासू नये म्हनून लिव."

मी म्हटलं, "तसं नाही लिहीत, आये."

"मंग माजं काय लिवलंय?"

आणि मी म्हटलं, "तुझं काही नाही त्यात."

तू "बरं" म्हणालीस आणि तांदूळ निवडायला बसलीस. त्यानंतर तू पुन्हा कधी विचारलं नाहीस. मला वाटलं, विसरली.

मी खोटं बोलले, आये. तुझं त्यात दोनदा होतं. एका ठिकाणी होतं, की सापडलेल्या दांडीच्या तुटीवरच्या खुणा नंतरच्या हाताळणीमुळे पुसल्या गेल्या, त्यामुळे ती आधीच थकली होती हे खात्रीने सांगता येत नाही. दुसरा अर्धा तुकडा चिखलात राहिला, कुणालाच मिळाला नाही. ती "नंतरची हाताळणी" म्हणजे तू. ते वाचलं असतं तर तू जन्मभर तेच धरून बसली असतीस, असं मी स्वतःला सांगितलं. ते अर्धंच खरं आहे. दुसरं अर्धं हे, की ते वाचताना मला तुझ्याकडे बघावं लागलं असतं, आणि पथकाच्या यादीत खाली माझं नाव होतं. ते वाचायला लागू नये म्हणून मी दुसरा परिच्छेदही वाचला नाही. आणि तो दुसरा चांगला होता. तू जन्मभर धरून ठेवावा इतका चांगला.

दहाव्याच्या दिवशी घाटावरून परतताना सुमनकाकू माझ्या शेजारी चालत होती. तिच्या मनात काही राहत नाही हे तुला माहीतच आहे. ती म्हणाली, "तुजी आय आमाला लय छलायची गो." म्हटलं, काय झालं? आणि तिने मला फुग्याची गोष्ट सांगितली. तुम्ही कुणी मला ती कधी सांगितली नव्हतीत.

गाव उठायच्या आदल्या वर्षी खाडीच्या चिखलात आभाळातून काहीतरी पडलं. पांढरा थर्माकोलचा डबा, वर फाटलेलं रबर, एक लांब दोरी. पोरं धावली. तू त्यांच्याआधी पोहोचलीस. चार काठ्या रोवल्यास, सभोवती सुतळी बांधलीस आणि सगळ्या बायकांना गोल उभं केलंस. "हात लावायचा नाय. धुवायचं नाय. पानीसुदिक लागू द्यायचं नाय. पोलिसाला बोलवा." चैत्रातलं ऊन. बायका म्हणायला लागल्या, अनसे, घरी चूल पडलीय. तू म्हणालीस, "जिला जायचं तिनं जा. मी हाय." कुणी गेलं नाही. अर्ध्या दुपारी हवालदार आला, बघून हसला. "मावशी, हवामान खात्याचा फुगा आहे हा. रोज सोडतात. फेकून द्या."

"आदी लिवून घ्या," तू म्हणालीस. "कुटं पडला, कवा पडला, कोनी हात लावला. कोनी नाय लावला. लिवा."

आणि त्याने लिहून घेतलं. तुझ्यापुढे कोण काय करणार?

सुमनकाकू सांगताना हसत होती. "अनसा म्हनायची," ती पुढे बोलत होती, "माज्याकडून एकदा चुकलं, तुमच्याकडून चुकाय नको. दर वर्साला नव्या सुनांना सांगायची गो. खाडीत उतराय लागल्या का पयला हाच धडा. मंग खुबे."

आमच्या कचेरीने एवढे अहवाल काढले. पुढच्या माणसाने तीच चूक करू नये म्हणून आम्ही पानंच्या पानं छापतो, तरी ती लोकांपर्यंत पोहोचवता पोहोचवता आमची दमछाक होते. तू ते न वाचता केलंस. मी "तुझं काही नाही त्यात" म्हटल्यावर केलंस. कचेरीतर्फे पोलिसांचे वर्ग घ्यायला गेले की मीही सांगते, अपघातातला सापडलेला तुकडा धुऊ नका, पुसू नका, एका गावात असं झालं होतं, एका बाईने चिंच लावून दांडी घासली होती. लोक हसतात. इतकी वर्षं मी "एका बाईने" म्हणत आले.

काल मी कचेरीला एकपानी पत्र लिहिलं. त्या तपासातली एक साक्षीदार माझी आई होती, हे मी तेव्हा सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. जबाबाचं भाषांतर मी केलं, ते हवालदाराच्या मराठी कागदाशी ताडून बघा, एकही शब्द बदललेला नाही. मिश्रासाहेब निवृत्त झालेत, त्यांनाही एक प्रत पाठवली. इतक्या वर्षांनी हे निघालं म्हणून कुणी तुझ्या शब्दावर शंका घेऊ नये, एवढीच भीती वाटते. त्या वैमानिक पोराच्या आईने तो अहवाल जपून ठेवला असेल. म्हणून खुंटीची उंची आणि तक्ताही सोबत जोडला. पाणी काही माझ्या नात्यातलं नव्हतं. आमच्या पहिल्या पानावर छापलेलं असतं की दोष ठरवणं हा हेतू नाही. माझ्याबाबतीत ठरवणार असतील तर ठरवू देत. तू म्हणाली होतीस, सांगून बाजूला व्हायचं. मला सांगायला उशीर झाला, आणि बाजूला व्हायला आता बाजूला कुणीच नाही.

भांडी मी उद्या घासेन. चिंचेनेच घासेन.

आता ऐक. तुला वाचून दाखवायचं राहिलं होतं ते वाचते. इंग्रजीत आहे, मी आपल्या भाषेत करते. एक शब्द गाळत नाही. शेवटच्या ओळी तेवढ्या माझ्या आहेत, त्या अहवालात नव्हत्या.

"साक्षीदार क्रमांक चार, स्थानिक महिला. घटनेच्या वेळी ती खाडीपात्रात होती आणि तिने हेलिकॉप्टर सुरुवातीपासून पाण्यात पडेपर्यंत सलग पाहिलं. तिने सांगितलेली वेळ नोंदींशी जुळते. आधी आवाज, मग शेपटीपासून सुटलेला तुकडा, मग गरगर, हा तिने सांगितलेला क्रम अवशेषांच्या मांडणीशी जुळतो. या निवेदनाला इतर सर्व निवेदनांपेक्षा जास्त वजन देण्यात आलं आहे. त्यावरून वैमानिकाने शेवटपर्यंत वस्ती टाळण्याचा प्रयत्न केला असं दिसतं."

नाव : अनसूया. गावात अनसाबाई.

व्यवसाय : मिठागरात मजुरी, ओहोटीला खुबे वेचणं.

तपासनीसाशी नातं : आई.